सोमवारचा धडा आणि खाऊच्या खिळ्यावरची आई

काल सोमवार, नेपरव्हिल, बाहेर फूटभर बर्फ... आणि घरात दोन मुलांनी धर्म शिकवून मला जेरीस आणलं. खरं तर धडा मी शिकवायचा होता!

आधी थोडं मागचं सांगते. मी नागपूरची, नवरा स्कॉट युटाचा, मॉर्मन पंथाचा ख्रिश्चन. मी काही मॉर्मन झाले नाही. तो चर्चला जातो, मी देवघरात दिवा लावते... आणि मुलांना त्याचा धर्म तो शिकवणार, मी मध्ये येणार नाही, हे लग्नाआधीच ठरलंय.

त्यांच्याकडे सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवलेली असते. गाणं, प्रार्थना, मुलांना समजेल असा छोटासा धडा, एखादा खेळ, परत प्रार्थना आणि मग खाऊ.

कोणी काय करायचं हे ठरवायला सासूबाईंनी युटाहून एक लाकडी बोर्ड पाठवलाय. प्रत्येक कामाखाली एक खिळा, आणि त्यावर अडकवायला प्रत्येकाच्या नावाची पाटी. बाकीच्यांच्या पाट्या दर आठवड्याला फिरतात. 'आई' मात्र कायम खाऊच्या खिळ्यावर... आणि माझी त्याला अजिबात हरकत नव्हती.

काल स्कॉट ऑफिसच्या कामासाठी डेन्व्हरला अडकला. म्हटलं चला, या सोमवारी सुट्टी! तर सात वर्षांची इरा कमरेवर हात ठेवून उभी. "आई, वी डोन्ट स्किप मंडे." आणि माझी पाटी काढून तिने धड्याच्या खिळ्यावर लावलीसुद्धा.

धड्याची चित्रं स्कॉटने आधीच काढून ठेवली होती. त्याला व्हिडिओ कॉल लावला, टॅबलेट पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बसले एकदाची.

प्रार्थनेला मी सवयीने हात जोडले. लगेच सूचना... हाताची घडी घालायची. घडी घातली, तर म्हणे डोळे का उघडे? अगं बाई, मी डोळे मिटले तर तुझा चार वर्षांचा भाऊ सॅम सोफ्यावर चढून पडद्याला लोंबकळतोय ते कोण बघणार?

गाण्यात सॅमने फक्त डायनासोरचे आवाज काढले. मग फ्लॅनेलच्या कापडी फळ्यावर चित्रं लावायची होती, तर टेम्पलचं, म्हणजे त्यांच्या मोठ्या मंदिराचं, चित्र कोणी लावायचं यावरून दोघांची जुंपली. भांडण सोडवेपर्यंत टेम्पलचा कळस सॅमच्या तोंडात.

टॅबलेटमधून स्कॉट "रेव्हरन्स, गाइज..." म्हणत होता. हॉटेलच्या खोलीत बसून बोलायला काय जातंय!

शेवटी मी आवाज चढवून त्याचं धड्याचं वाक्य वाचलं. टेम्पलमध्ये जे कुटुंब 'सील' होतं, ते मेल्यानंतरही कायम एकत्र राहतं.

इराने हातातलं चित्र खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "आर वी सील्ड?"

आमचं लग्न दोनदा झालंय. एकदा नागपूरच्या मंगल कार्यालयात अंतरपाट धरून, एकदा सासऱ्यांच्या बॅकयार्डमध्ये. टेम्पलमध्ये नाही, कारण त्यासाठी दोघंही मॉर्मन लागतात.

मी स्कॉटकडे बघितलं. एरवी दर दोन मिनिटांनी फ्रीज होणारा माणूस, नेमकं तेव्हा नेटवर्क उत्तम... आणि हा हॉटेलच्या छताकडे बघतोय.

"नाही गं," मी म्हटलं. "पण आमच्याकडे ना, नवरा-बायको सात जन्म एकत्र असतात."

"अँड आफ्टर सेव्हन?"

कप्पाळ माझं! माझ्या आईने वर्षानुवर्षं वडाला फेऱ्या मारल्या, तिला हा प्रश्न कधी पडला नाही. चिडायला तोंड उघडलं आणि रडूच यायला लागलं. मुलं त्याचा धर्म शिकतील याला मी आनंदाने हो म्हटलं होतं... पण ते तिघं एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, हे माझ्याच तोंडाने त्यांना वाचून दाखवावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

स्कॉट एवढंच म्हणाला, "लेट्स प्रे, गाइज." पळपुटा!

शेवटची प्रार्थना सॅमची होती. त्याने हाताची घडी घातली, डोळे घट्ट मिटले... "हेवनली फादर, थँक यू फॉर डायनोसॉर्स. थँक यू फॉर शंकरपाळे. प्लीज लेट आई कम विथ अस."

इराने एक डोळा उघडून त्याला कोपराने ढोसलं. "सॅम, यू डोन्ट हॅव टु आस्क. शी इज ऑन द बोर्ड!" आणि वर मलाच दटावलं, "आई, से आमेन."

मी आमेन म्हटलं. टॅबलेटमध्ये स्कॉट चष्मा काढून डोळे पुसत होता.

मुलं झोपल्यावर कार्पेटवरचा शंकरपाळ्यांचा चुरा व्हॅक्यूम करताना बोर्डाकडे लक्ष गेलं. तो आमच्या लग्नात आला होता... इरा आणि सॅमच्या पाट्या नंतर आल्या. मुलांचा पत्ताही नव्हता तेव्हा सासूबाईंनी मला फोन करून विचारलं होतं, तुझी मुलं तुला काय म्हणतील? आणि मग 'मॉम' न लिहिता 'आई' रंगवून पाठवलं, देवनागरीत, गिरवून गिरवून.

त्या पक्क्या मॉर्मन. टेम्पलचे नियम त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत. तरी माझी पाटी त्यांनी सगळ्यात आधी केली.

वरचं वर गेल्यावर बघू. पण तुमच्या बोर्डवर मला जागा दिलीत, त्याबद्दल मनापासून थँक यू, मॉम. पाटी मात्र मी परत खाऊच्या खिळ्यावर लावलीय... धडे तुमच्या लेकाने घ्यावेत!