राखणदाराला नकार

आमच्या घरचा कॉम्प्युटर बैठकीत, खिडकीच्या बाजूला आहे. त्यावर मिस्टर पेपर वाचतात आणि मी स्थळं ठेवते. रिसोडात आणि आजूबाजूच्या गावांत आमच्या समाजातली लग्नं जुळवायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आता आठवत नाही. एक जमलं, दुसरं जमलं, मग लोक बायोडाटा घेऊन घरीच यायला लागले. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे सगळा भार चौकशीवर. काम वाढलं तसे मी नियम ठरवून टाकले. मुलांचे फोटो मोबाइलवर चालतील. मुलींचे फोटो, नंबर, पत्ते फक्त कॉम्प्युटरात. ज्यांना बघायचं त्यांनी घरी यावं, माझ्यासमोर बघावं, चहा घ्यावा आणि जावं. एका मुलाच्या मामानं मला विचारलं होतं, "बाई, पोरगी दाखवून राह्यल्या का सोन्याचा हार?" मी म्हटलं, हार असता तर तुमच्या हातात दिला असता.

मेडशीची एक बाई या नियमामुळेच माझ्याकडे आली. तिच्या मुलीचं एका ठिकाणी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा बोलायला मऊ, घर खाऊनपिऊन सुखी. पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल अशी गोष्ट निघाली आणि मुलीनं नाही म्हणून कळवलं. त्या दिवसापासून मुलगा बदलला. आधी रडून फोन, मग शिव्या, मग ती नर्स होती त्या दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभं राहणं. मुलीनं नोकरी सोडली, गाव बदललं, नंबर बदलला, तिकडे दुसरा दवाखाना धरला. बराच काळ शांततेत गेल्यावर आई पुन्हा स्थळ बघायला निघाली होती. तिनं मुलीचा पांढऱ्या गणवेशातला फोटो, नवा नंबर आणि ती राहत होती त्या खोलीचा पत्ता माझ्यासमोर ठेवला.

"बाई, हे तुमच्या घराबाहेर जाऊ देऊ नोका," एवढंच ती म्हणाली.

मी सगळं कॉम्प्युटरात घेतलं आणि कागद तिचा तिला परत केला.

पुढे सोयाबीन निघायच्या दिवसांत एका दुपारी मी बाजारातून आले, तर मिस्टर खुशीत होते. पेपर वाचताना पडदा लाल झाला होता, कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय असं त्यावर आलं होतं, खाली बटण होतं, त्यांनी ते दाबलं होतं. आता पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी ढाल बसली होती. फुकटात राखणदार मिळाला, असं त्यांनी मला ऐकवलं. खोटं कशाला बोलू, ढाल बघून मलाही बरंच वाटलं. मी पिशव्या घेऊन आत गेले.

काही दिवसांनी सकाळी कॉम्प्युटर लावला, तर ढाल पिवळी झाली होती. मधोमध एक चौकट उघडली. तुमचे खाजगी फोटो सुरक्षित नाहीत, पूर्ण संरक्षण घ्या, असं त्यात इंग्रजीत होतं. खाली पुरावा म्हणून फोटोंचे छोटे छोटे तुकडे मांडले होते. सगळे माझ्या फोल्डरमधले. त्यांतला एक पांढऱ्या गणवेशातला होता.

माझा हात माउसवरून आपोआप मागे आला. ते फोल्डर मी मिस्टरांनाही उघडू देत नव्हते. यानं ते उघडलं होतं, चाळलं होतं, आणि आता मलाच दाखवून मला घाबरवत होतं.

मी डोकं ठिकाणावर ठेवून विचार करायचा प्रयत्न केला. राखण करायची म्हणजे सगळीकडे डोकवावंच लागतं. खळ्यावर ठेवलेला माणूस पोत्यांभोवती फिरतो म्हणून काही चोर ठरत नाही. पण चोरही पोत्यांभोवतीच फिरतो. दोघं लांबून सारखेच दिसतात, याचीच मला भीती वाटायला लागली.

बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन विचारलं. असली सगळीच सॉफ्टवेअरं आत बघतात, असं दुकानदार म्हणाला, आणि फळीवरचा त्याच्याकडच्या अँटीव्हायरसचा खोका पुढे केला. घरी येऊन ढालीवर दाबलं, तर तिथे तिची स्वतःचीच तारीफ, पाचपैकी पाच तारे. मुलगा कसा आहे हे मुलाच्या मामाला विचारल्यासारखं झालं. बनवणाऱ्याचा पत्ता शोधला. नाव होतं, गाव नव्हतं. आणि गाव नाही तिथे मी चौकशी करू कुणाकडे?

चौकशीत सगळं चांगलंच दिसलं, तर मी मुलीकडच्यांना एक सांगते. एकदा नाही म्हणून बघा. निदान थांबा म्हणा. चांगलं घर नाराज होतं, गप्प बसतं, पुन्हा विचारतं किंवा विचारत नाही. वाईट घर त्याच दिवशी दात दाखवतं. मेडशीच्या मुलीलाही तो मुलगा कळला तो नाही म्हटल्यावरच. मी ठरवलं, यालाही नाही म्हणायचं.

आधी इंटरनेटची वायर काढली. फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मग ते सॉफ्टवेअर काढून टाकायची आज्ञा दिली. त्यानं विचारलं, खरंच काढायचं? मी हो म्हटलं. तुमचे फोटो चोरीला जातील, त्यानं सांगितलं. मी हो म्हटलं. पुढे जे होईल त्याला तुम्हीच जबाबदार. 'राहू द्या' म्हणायचं बटण तळहाताएवढं हिरवं, काढायचं बटण डोळे ताणून शोधावं लागेल असं राखाडी. मी राखाडी दाबलं. ढाल गेली. खात्री करायला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, आणि ढाल परत कोपऱ्यात होती. आता लाल. मधली चौकटही आली, आणि ती बंदच होईना.

मिस्टर पाठीमागे येऊन उभे होते. "राहू दे ना व त्याले," ते हळूच म्हणाले. "कोपऱ्यात बसलं हाय त बसू दे. डिवचलं त अजून काही करंन."

"मेडशीच्या पोरीच्या बापालेही लोक हेच म्हणत होते," मी म्हटलं. "कायले नाही म्हणता, पोरगं चिडंन."

मिस्टरांनी वाकून भिंतीतला प्लगच ओढून काढला.

दुकानदारानं कॉम्प्युटर पूर्ण पुसून दिला. मी त्याला एकच गोष्ट विचारली, आतले फोटो बाहेर गेले का?

"गेले असतीन तरी दिसत नाही, बाई," तो म्हणाला. "फोटो चोरला तरी जाग्यावरच राह्यते."

कपाटातलं सोनं गेलं तर जागा रिकामी दिसते, माणूस बोंब तरी मारतो. इथे सगळं जागच्या जागी होतं, आणि मला बसवत नव्हतं. बाकीच्या घरांना फोन करून सांगितलं. मेडशीला मात्र दुसऱ्या दिवशी एसटीनं स्वतः गेले.

आई ओसरीत तूर निवडत होती. मी काहीही न लपवता सांगितलं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, मला आत घेतलं आणि मुलीला फोन लावला. कॉम्प्युटरात काय काय होतं, असं मुलीनं मला विचारलं. मी सांगितलं, फोटो, नंबर, खोलीचा पत्ता. तिच्या मागे वॉर्डातला आवाज येत होता.

"मावशी, त्याले सापडलं असंन का?"

"मले माहीत नाही, बाई."

नाही सापडलं, असं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती त्या भरवशावर एकटी रस्त्यानं चालणार होती. मुलगी म्हणाली, नंबर बदलते, आणि खोली सोडून मैत्रिणीकडे राहायला जाते. मग विचारलं, "नवा नंबर तुमाले देऊ का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"मले देऊ नको," मी म्हटलं. "आईजवळ ठेव."

मग स्थळं कशी यायची, असं आईनं विचारलं. ज्यांना बघायचं त्यांना मी मेडशीला पाठवीन, तुम्ही समोर बसवा, माणूस बघा, मग ठरवा, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली. चहा झाला. मी चपला घालून अंगणात उतरले, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, समोरच्या घरी बायका बोलत होत्या. माझ्यामागे दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.