मथुरामावशीच्या हातचा पाला

संस्थानं विलीन होत होती त्या धामधुमीत जन्मलेली माझी मथुरामावशी लग्न होऊन बुऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्याला गेली, तेव्हा नवऱ्याला, म्हणजे आमच्या दगाकाकांना, दिवेलागणीनंतर दिसत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रातांधळं म्हटलं की आमच्याकडे औषध एकच, शेवग्याचा पाला. मावशीनं तो रोज रांधला. कधी वरणात, कधी थालीपिठात. केळीच्या मळ्यात जाणाऱ्या डब्यातही तोच. दगाकाका कुरकुरायचे, "मी मानूस हाय का बकरी वं?" पण खायचे.

तरी नजर आक्रसतच गेली. पुढे दिवसाही समोरचं तेवढंच दिसू लागलं, बाजूला उभं राहिलेलं माणूस गायब. सासूबाईंनी निदान करून टाकलं, "सुनेच्या हाताले गुन नाही." झालं! म्हातारी कधीच गेली, पण ते वाक्य मावशीच्या जिवाला चिकटून राहिलं. माझा नुसता संताप व्हायचा. मावशी मात्र पाला आणखी बारीक चिरायची.

काका सत्तरीला आले तेव्हा मीच हट्टानं दोघांना इंदूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नव्या यंत्रानं डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले आणि त्याच्या रक्तवाहिन्यांत प्राणवायू किती आहे ते मोजलं. डॉक्टर पोरसवदा, पण गोड बोलणारा. मावशीनं त्याला पहिलाच प्रश्न केला, "माझ्या खाऊ घालन्यात काय कमी पडलं?"

तो चपापला. मग हिंदीत समजावू लागला. आजार जन्मापासूनचा होता. पडद्यातल्या बघणाऱ्या पेशी हळूहळू मरत गेल्या होत्या. रक्त प्राणवायू घेऊन पोचत होतं, पण तो घेणारेच कमी उरले होते. म्हणून परतणाऱ्या रक्तात तो नेहमीपेक्षा जास्त शिल्लक राहत होता. गेलेली नजर आता येणार नाही, हेही त्यानं सांगितलं.

 मावशी म्हणाली, "म्हंजे डबा पोचला, पन भरलेलाच परत आला?"

"हाँ अम्मा, कुछ ऐसा ही. खाना तो आपने बराबर भेजा."

ती पदरात तोंड घालून रडली. मीही रडले, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी निंबोल्याला जेवायला वांग्याचं भरीत होतं. काकांनी ताट चाचपलं.

"पाला कुठं गेला?"

"आता नाही करनार. डोयाले काही कामाचा नव्हता तो."

"मले तर पहिल्या सालीच समजलं होतं."

मावशीचा हात भाकरीवरच थांबला. "मंग येवढी वर्सं खाल्ला कायले?"

"तू करत होती ना!" काकांनी घास गिळला. "डोयानं डबा परत धाडला असंन. मी धाडला का कधी?"