खुर्चीवकील

तमाम उपनगरवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वाकोल्यापासून बोरिवलीपर्यंतच्या पट्ट्यातला सर्वांत कमी बोलणारा वकील आमच्या चाळीत, तळमजल्यावरच्या पहिल्या खोलीत राहत होता. ही माहिती इतकी वर्षं दडवून ठेवल्याबद्दल मी दिलगीर आहे.

त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं. ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. सगळे त्यांना खुर्चीवकील म्हणत. चाळीतल्या कुणाला पोलिसांनी चौकशीला बोलावलं की हे काळा कोट चढवून बरोबर जात, दारातूनच "बसू का?" विचारत आणि उत्तर यायच्या आत बसलेले असत. मग दोन-दोन तास तोंड उघडत नसत. ऐंशीच्या दशकात चौकशीला वकील आलेला साहेबलोकांना खपत नसे. कुणी हटकलंच तर म्हणत, "मला बसू द्यायचं की नाही यावर वाद आहे, साहेब. वाद मिटेपर्यंत बसतो."

समोरच्याचा आवाज चढला की ते चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसायला लागत. पुसतच राहत. एवढं काय पुसायचं असतं, असं मी एकदा विचारलं. "आवाज खाली आला की चष्मा स्वच्छ होतो," म्हणाले.

पोलिसांवर त्यांचा राग अजिबात नव्हता. "बंद खोलीत दोघंच असले ना, की एक ओरडतो आणि दुसरा हो म्हणतो. वाईट कुणीच नसतं रे. तिसरा येऊन बसला की दोघंही माणसात येतात." मला हे जरा पुस्तकी वाटायचं. दादाचं प्रकरण झालं आणि माझं मत बदललं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गोरेगावच्या एका स्टुडिओत सामानाच्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. एके दिवशी कॅमेऱ्याची एक महागडी लेन्स कपाटातून गायब झाली आणि दादाला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. तो एकटाच गेला. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याने कुठल्याच साहेबाला "नाही" म्हटलेलं नव्हतं. तिथेही म्हटलं नाही. दिवसभर मान डोलावून संध्याकाळी घरी आला, पानावर बसला आणि आईला म्हणाला, "आये, मीच घेतली असेन का गं?"

आईचा वाढता हात थांबला. "येडो झालंस काय रे? घेतलंस तर ठेवलंस खंय? हंय भाताचो टोप ठेवूक जागा नाय."

त्याचा जबाब लिहून तयार होता. साहेबांना अचानक बंदोबस्ताला जावं लागलं म्हणून सही तेवढी राहिली होती. ती करायला दुसऱ्या दिवशी अकराला बोलावलं होतं.

मी उठलो तो थेट तळमजल्यावर. सगळं एका दमात सांगितलं.

"सही झाली?"

"नाही."

"मग चहा घे." चहा झाला. कप ठेवताना म्हणाले, "असला कागद कोर्टात टिकत नाही. पण नोकरी जायला कोर्ट लागत नाही रे."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही तिघे सब-इन्स्पेक्टरच्या टेबलासमोर. "बसू का?" झालं, वकील बसले. मग त्यांनी मान वर करून पाहिलं. दादा उभाच होता. तेव्हा तेही उठून त्याच्या शेजारी उभे राहिले, काळा कोट नीट करून, जणू राष्ट्रगीत सुरू आहे. साहेबांनी थोडा वेळ सहन केलं. मग ओरडले, "अरे, खुर्ची आणा कुणीतरी." दादाला खुर्ची मिळाली. कालचा सबंध दिवस त्याने उभ्याने काढला होता, हे मला तेव्हा कळलं.

"हं, तर काल तू कबूल केलंस..." साहेबांनी सुरुवात केली. चष्मा निघाला. कोटाचं टोक हातात आलं. साहेब थांबले, पाणी प्यायले. "काल जे बोलणं झालं, त्यावर सही करायची आहे," म्हणाले. पेन दादापुढे आलं. दादाने ते उचललंसुद्धा.

"वाचून दाखवता?" वकिलांनी विचारलं. "मोठ्याने. चष्मा अजून पुसतोय."

खुर्चीवकील जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी आजही बँकेत प्रत्येक कागद सही करण्याआधी मोठ्याने वाचतो आणि मागची रांग माझ्या कुळाचा उद्धार करते. ही सवय त्या सकाळची.

जबाब लिहून घेणारा हवालदार, म्हणजे साहेबांचा रायटर, कोपऱ्यातल्या टेबलावर होता. त्याने कागद उचलला, घसा साफ केला आणि पोथी वाचावी तशा सुरात सुरू झाला. "मी माझ्या राजीखुशीने सांगतो की, सदर लेन्स मी कपाटातून काढून पिशवीत घातली, व ती पिशवी घेऊन माझ्या मोटारसायकलवरून..."

"माझी कसली मोटारसायकल?" दादा पेन खाली ठेवत म्हणाला. "मला साधी सायकल येत नाही."

साहेबांनी रायटरकडे पाहिलं. वकिलांनी कुणाकडेच पाहिलं नाही. ते काच पुसत होते. रायटरने कागद डोळ्यांजवळ नेला, ती ओळ पुन्हा मनात वाचली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ही मोटारसायकल मागच्या केसमधली. तो जबाब समोर ठेवून लिहीत होतो."