बाबांच्या डोक्यावरचा कॅमेरा

दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी स्टाफरूममध्ये एक व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी माणूस डोक्यावर काडेपेटीपेक्षा थोडासाच मोठा कॅमेरा बांधून कड्यावरून उडी मारत होता. बाकीच्या जणी हसल्या आणि वह्या तपासायला बसल्या. मला मात्र बाबांचं मिठागर आठवलं.

मी पनवेलला शाळेजवळ राहत होते, बाबा उरणच्या बाजूला आमच्या गावातच. त्यांची हयात मिठागरात गेली. त्या वर्षी प्रकल्पासाठी जमिनी जाणार हे पक्कं झालं होतं, म्हणजे हा शेवटचा हंगाम. बाबा काम कसे करतात, करताना काय बोलतात, हे मला साठवून ठेवायचं होतं. भावाचा साधा कॅमेरा आदल्याच वर्षी तिथल्या खाऱ्या हवेने कामातून गेला होता. हा नवा तर म्हणे पाण्यात बुडवा, दगडावर आपटा, काही होत नाही. आपल्यासाठीच केलाय, असं मला वाटलं.

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या भाभींचे मियाँ दुबईला नोकरीला होते. ते रजेवर येताना कॅमेरा घेऊन आले. माझा महिन्याचा पगार त्यात गेला. डबा हातात देताना त्यांनी विचारलं, "ताई, याला मागे स्क्रीन नाही. काय शूट होतंय ते दिसणार नाही. चालेल ना?"

चालेल, म्हटलं मी. एवढी दुनिया वापरते ती काय उगाच?

पहिल्या रविवारी बाबांनी तो पट्टा बघितला आणि डोक्यावर बांधायला साफ नकार दिला. आईने समजावल्यावर तयार झाले. सकाळभर ते लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ काठाला ओढत होते, मी बांधावर खुशीत बसले होते. घरी येऊन बघते तर व्हिडिओ नव्हताच. त्या इवल्याशा बटणाने भलतंच काही सुरू झालं होतं आणि दर काही सेकंदांनी एक फोटो निघाला होता. शेकडो फोटो, सगळे मिठाचे आणि बाबांच्या पायांचे.

दुसऱ्या रविवारी बटण नीट दाबलं. तासाभरात बॅटरी संपली, आणि त्या तासातलाही निम्मा भाग पांढरा धूसर. पाणी शिरू नये म्हणून कॅमेऱ्याभोवती जी पारदर्शक पेटी असते, तिला उन्हात तापून आतून वाफ धरली होती. सर म्हणाले, आत ओलावा शोषणारे कागद घालायचे असतात, ते वेगळे विकत मिळतात. जादा बॅटरीही वेगळी. ही माहिती जाहिरातीत कुठेच नव्हती.

तिसऱ्या रविवारी सगळं सामान घेऊन गेले. कॅमेरा काठीला बांधून बांधावर रोवला. त्या दिवशी बाबा रंगात होते. भरतीचं पाणी कधी घ्यायचं, कधी अडवायचं, मीठ धरायला लागलं हे तळपायाला कसं कळतं, सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर हे व्हिडिओ चालत नव्हते, म्हणून याही सोमवारी तो सरांच्या लॅपटॉपवर लावला. बाबा बोटाच्या पेराएवढे दिसत होते. भोवती आभाळच आभाळ. आणि आवाज असा, जणू कुणी रांजणात तोंड घालून बोलतंय. एक शब्द लागेना.

सर म्हणाले, पेटी बंद असली की आवाज असाच येतो. भोकं असलेलं दुसरं झाकण डब्यात असेल बघा. ते होतं. मी ते निरुपयोगी समजून पिशवीत ठेवून दिलं होतं. मी विचारलं, ते लावलं तर खारं पाणी आत जाईल ना? सर म्हणाले, "जाईल की, मॅडम. हा कॅमेरा उड्या मारायला आहे. माणसाचं बोलणं ऐकायला नाही."

मला सरांचाही राग आला आणि माझाही.

तरी चौथ्या रविवारी भोकांचं झाकण लावून गेले. बाबांना म्हटलं, मागच्या वेळचं सगळं परत सांगा. दोन वाक्यं बोलून ते थांबले. मी कॅमेऱ्याचा कोन बदलत होते, पट्टा आवळत होते, दिवा लागलाय का ते वाकून बघत होते.

"बाय," ते म्हणाले, "चार आयतवार झाले. तू येतंस, पन मिठाकडं एकदा तरी बगितलंस का?"

मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि फळी हातात घेतली. अर्ध्या तासात तळहाताला फोड आले. बाबांनी दांडा कुठे धरायचा ते दाखवलं. त्याआधी जे चित्रित झालं होतं त्यात फक्त वाऱ्याचा घोंगाट निघाला.

मेअखेरीला काम बंद झालं. पुढच्या वर्षी तिथे मातीच्या गाड्या आल्या. कॅमेरा खेळाच्या सरांनी घेतला, मोटरसायकलला लावला आणि घाटाचे व्हिडिओ काढले. ते खरंच सुरेख आले. म्हणजे वस्तू वाईट नव्हती. मी तिला जे काम सांगितलं ते तिचं नव्हतं, आणि हे विकणाऱ्या कुणीच मला सांगितलं नव्हतं.

नंतर आईबाबा पनवेलला माझ्याकडे राहायला आले. एका दुपारी मी त्यांना तो तिसऱ्या रविवारचा व्हिडिओ नव्या लॅपटॉपवर लावून दिला. वाटलं, आवाज नसला तरी जागा बघून बरं वाटेल. बाबांनी चष्मा लावला, पुढे सरकले. त्या भिंगात कडेच्या सगळ्या रेषा धनुष्यासारख्या वाकतात. बाबांनी पडद्याच्या कडेवर बोट ठेवलं.

"बांध वाकडा दिसतोय," ते म्हणाले.

मी सांगितलं, कॅमेऱ्याची काच तशी असते, त्यात सगळंच वाकडं दिसतं.

"माझा बांध सरळ हाय," ते म्हणाले. "दोरी लावून घातलेला. लोकं बगाय यायची. आता बांध नाय, आन् ज्याला दावशील तो बोलंल, म्हाताऱ्यानं वाकडा घातलेला."

मी पुन्हा काचेचं सांगू लागले. ते उठून गॅलरीत गेले. मी लॅपटॉप बंद केला आणि तो व्हिडिओ पुढे कुणालाच दाखवला नाही.