हेलिकॉप्टरखालची चाल

किस्से जमवायचे म्हणून कुणी जमवत नाही. अ‍ॅमेझॉनची रिकामी खोकी गॅरेजमध्ये साठतात तसे ते साठतात. टाकू टाकू म्हणता एक दिवस गाडी आत जात नाही. मी ध्वनिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पुराव्याशिवाय वाक्य लिहायची सवय नाही, त्यामुळे हे लिहितानाही हात अडखळतोय. पण मंगलची, म्हणजे माझ्या बायकोची, साक्ष आहे. जिथे माझी आठवण आणि तिची आठवण जुळणार नाही, तिथे तिचीच खरी धरावी.

सगळे किस्से सिल्व्हानोचे. अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या घराशेजारी राहणारा हा इटालियन सिनेमांना संगीत देतो. त्याने गॅरेजचा स्टुडिओ केलाय, म्हणून त्याची गाडी बारा महिने बाहेर उभी असते.

* * *

ओळख झाली कुकरमुळे. एका सकाळी तो दारात उभा होता. आवाजाची तक्रार घेऊन आला असणार असं वाटून मी दार उघडताच माफी मागितली. तो गोंधळला. त्याच्या हातात मायक्रोफोन होता. आमच्या खिडकीतून येणारी ती शिट्टी त्याला रेकॉर्ड करायची होती.

मंगल तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करते. हा म्हणाला, अजून एक टेक घेऊ. मग अजून एक.

"भाताचा गोळा होतोय, सांगा त्याला," ती मला म्हणाली.

मी सांगितलं नाही. परक्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. त्या दिवशी भात सुरीने कापून वाढला गेला.

पुढे त्याचं संगीत असलेला पिक्चर लागला. परग्रहावरचं यान उतरतं, त्याचं दार उघडतं आणि आमची शिट्टी वाजते. अख्खं थिएटर भीतीने गप्प. मंगल मात्र खुर्चीतून अर्धी उठली होती, गॅस बंद करायला.

* * *

मी मूळचा मिरजेचा. तंबोऱ्यांच्या गावचा म्हणजे तंबोरा वाजवता येणारच, असं सिल्व्हानोने गृहीत धरलं. मला येतो थोडासा. निदान असं मला वाटतं.

तंबोरा घेऊन त्याच्या स्टुडिओत गेलो. गॅरेज गारठलेलं, तारा सारख्या उतरत होत्या. मी लावायचो, सॉरी म्हणायचो, पुन्हा लावायचो. बऱ्याच वेळाने जुळल्यासारखं वाटलं. घाम पुसून म्हटलं, "आता मी तयार आहे."

"थँक यू," हेडफोन काढत तो म्हणाला. "रेकॉर्डिंग झालं."

नायकाला बॉम्बची लाल वायर कापायची की निळी हे कळत नाही, त्या सीनमध्ये ते वापरलंय. नातीचे मित्र अजून विचारतात, "आजोबा, हाऊ डिड यू मेक इट सो नर्व्हस?"

* * *

पिक्चर एडिट करताना दिग्दर्शक दुसऱ्याच कुठल्या तरी पिक्चरचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतात. मग आपल्या संगीतकाराला सांगतात, हे असंच कर, पण वेगळं कर.

एका तरुण दिग्दर्शकाने सिल्व्हानोला असा तुकडा पाठवला. याने पुन्हा पुन्हा नवं लिहून दिलं, त्याला पसंत पडेना. मी तिथे बसलेलो असतानाच त्याचा फोन आला. स्पीकरवर होता. म्हणाला, तुमचं छान आहे, पण त्या मूळच्या तुकड्यात जो जीव आहे तो यात नाही.

मूळचं कुणाचं, असं सिल्व्हानोने विचारलं. पोराला ठाऊक नव्हतं. नेटवर मिळालं म्हणाला.

ते सिल्व्हानोचंच होतं. तरुणपणी केलेलं.

आता भांडण होणार म्हणून मी उठायच्या तयारीत. हा अगदी गंभीरपणे म्हणाला, "यू आर राइट. तो माणूस माझ्यापेक्षा चांगला होता." फोन ठेवला आणि आमच्याकडे चहाला आला.

* * *

आपल्या चाली तो नावाने ओळखत नाही, त्यांच्यावर काय येऊन पडलं त्यावरून ओळखतो. पियानोवर वाजवता वाजवता सांगतो, "हा घटस्फोट." म्हणजे त्या चालीवर नवरा-बायको भांडत होते. "हा पाऊस." "हा टॉयलेटचा फ्लश."

त्यातली सगळ्यात सुंदर चाल म्हणजे 'हेलिकॉप्टर'. चेलोसाठी, म्हणजे त्या खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनसाठी लिहिलेली. शेवटच्या मिक्सिंगमध्ये तिच्यावर हेलिकॉप्टरचा आवाज उतरवला. एकही सूर ऐकू येत नाही.

मी आपलं शास्त्र पाजळलं. योग्य फिल्टर लावला तर चाल थोडीफार बाहेर काढता येईल, म्हटलं.

"प्रोफेसर, फिल्टर नको," तो म्हणाला. "मरायच्या आत एकदा लोकांनी ती ऐकावी. वर कुणी काही बोलत नसताना."

त्यासाठीच तो कामं नाकारून ऑर्केस्ट्रासाठी एक मोठी रचना लिहीत होता. तिचा मधला, संथ भाग म्हणजे हेलिकॉप्टर.

* * *

एकदा चहा पिताना मी त्याला मिरजेतल्या संगीत नाटकांबद्दल सांगत होतो. पद आवडलं की लोक 'वन्स मोर' ओरडायचे आणि नट ते पुन्हा गायचा. मरता मरता गाणारा नायकसुद्धा उठून बसायचा, पुन्हा गायचा, पुन्हा मरायचा.

सिल्व्हानो खूश झाला. त्याच्या आजोबांच्या गावी ऑपेरात लोक 'बिस!' ओरडायचे, तेच हे. मग कपात बघत म्हणाला, "मला कधी कुणी म्हटलं नाही. मला सगळे म्हणतात, 'शॉर्टर.'"

* * *

रचना पुरी झाली. एका कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला, पण तिकिटं खपेनात. हॉल भरायची जबाबदारी मी घेतली. मराठी मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं आणि मग मला झोप येईना. आपली माणसं काय करतील सांगता येत नाही. मी लांबलचक ईमेल लिहिली. फोन बंद. चिवड्याच्या पिशव्या गाडीत. दोन भागांच्या मध्ये टाळ्या नाहीत, 'वा' नाही, शेवट होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शंका नको म्हणून तीच ईमेल पुन्हा पाठवली. नातीने उत्तर दिलं, "आजोबा, कॅन वी ब्रीद?"

मंडळी आली, अगदी शिस्तीत बसली. कुणी काही केलंच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून मी मंगलला घेऊन शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलो. वादकांना इशारे करायची छडी घेऊन, आमच्याकडे पाठ करून सिल्व्हानो स्वतः उभा होता. पहिला भाग झाला. कुणी खोकलंसुद्धा नाही. मंडळातल्या वाघमारेसाहेबांना खोकला होता, ते रुमाल तोंडात धरून बसले होते.

मग हेलिकॉप्टर सुरू झालं. एकटा चेलो. वर पाऊस नाही, भांडण नाही. त्याबद्दल मी लिहू नये. माझ्या डिग्र्या तिथे उपयोगाच्या नाहीत.

शेवटचा सूर विरला. हॉल चिडीचूप. माझ्या ईमेलमुळे आमची मंडळी दगडासारखी बसलेली. मला फक्त सिल्व्हानोची पाठ दिसत होती. त्याने छडी खाली घेतली आणि त्याचे खांदे उतरले. लोकांनी ऐकलं की लोक झोपले, त्याला कळणार कसं?

"वन्स मोर!"

आरोळी एवढी मोठी होती की सगळा हॉल वळून मागे बघू लागला. मीही वळलो. माझ्या मागे भिंत होती.

दारावरची मुलगी माझ्या दिशेने निघाली. सिल्व्हानो वळला. डोळ्यांवर हात धरून अंधारात बघत त्याने विचारलं, "हू सेड दॅट?"

मी खुर्चीत खाली सरकलो. मंगलने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने पुन्हा आमच्याकडे पाठ केली, समोरची पानं मागे उलटली आणि चेलोवालीकडे बघून छडी उचलली.