दारात वाटलेलं भाषांतर

संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मला पत्रकं लिहिता येतात. पुण्यात कॉलेजात असताना शिकले: एक मागणी, दोन पुरावे, मोठा टाइप. मिशिगनला एमएस करायला आले आणि तेवढ्या भांडवलावर कॉलेजात पगारी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या युनियनमध्ये शिरले.

आमच्या कॉलेजात एक फ्रेंच संगीतकार शिकवायचे. ऐंशी ओलांडलेले. त्यांची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. लहानपणी तिच्या खुर्चीशी बसून ते परक्या माणसांची बोलणी ऐकायचे. पुढे जन्मभर त्यांनी तेच केलं. चाल नाही, ठेका नाही. चार डबल बास, म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिनंच, खर्जातला एकच सूर धरून ठेवतात आणि त्यावर टेपवरून कुणाचं तरी बोलणं येतं, ताणलेलं, पुन्हा पुन्हा तेच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, शेजारच्या घरात काहीतरी वाईट चाललंय आणि आपण भिंतीला कान लावून उभे आहोत.

नव्या रचनेसाठी त्यांना आपापल्या भाषेत कामाबद्दल बोलणारे विद्यार्थी हवे होते. मी माझ्या रूममेटला पाठवलं. ती नागपूरची, बॅटरीच्या लॅबमध्ये पीएचडी करणारी. तिथलं विषारी वाफ ओढून घेणारं कपाट कित्येक आठवडे बंद पडलं होतं. तिच्या प्रोफेसरने बजावलं होतं, तक्रार टाकायची नाही, डेडलाइन झाली की बघू. ती सारखी खोकायची. हे सगळं माइकसमोर मराठीत बोलून आली आणि रेकॉर्डिंग मला फोनवर ऐकवलं.

"भीती नाही वाटली?"

"कोणाला कळून राहिलं बाप्पा! फ्रेंच आजोबांना तर माझा खोकलाच जास्त आवडला."

भाषांतर कुठेही छापणार नाही, असा शब्द आजोबांनी तिला दिला होता.

माझं डोकं फिरलं. हातात इतका सज्जड पुरावा, आणि त्याचं करायचं काय, तर संगीत? लोक डोळे मिटून माना डोलावणार आणि ती तिथे विष हुंगणार? मी तिला विचारलं नाही. तिच्या बोलण्याचं इंग्रजी केलं, छापलं आणि रविवारी दुपारी कॉन्सर्टच्या दारात वाटलं. तिचं नाव नव्हतं, लॅबचं नव्हतं. नाव नाही म्हणजे माणूस सेफ, हेच मी पुण्यापासून धरून बसले होते. पुराव्याला वजन यावं म्हणून भाषा तेवढी लिहिली: मराठी.

आत जाऊन तिच्या शेजारी बसले. माझ्या हातातला कागद वाचून तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिचा प्रोफेसर बसला होता. तो स्वतः चेलो वाजवतो, आजोबांची एकही कॉन्सर्ट चुकवत नाही. तिला हे माहीत होतं. मला नव्हतं.

डबल बास सुरू झाले. पोटात उतरणारा सूर. मग तिचा आवाज: "बंद आहे... बंद आहे..." प्रोफेसरने कागदावरून मान वर केली. त्याच्या लॅबमध्ये मराठी बोलणारी एकच मुलगी होती. रचना संपेपर्यंत तो हलला नाही.

बाहेर येतो तोच तिच्या फोनवर प्रोफेसरचा मेल: उद्या दहाला भेट. लॅब गेली तर पगार जाणार, पाठोपाठ व्हिसा. आम्ही उलट पावली स्टेजमागे गेलो. आजोबांनी पत्रक दोनदा वाचलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"इथे तुम्हा दोघींशिवाय मराठी कुणाला कळतं?"

"कुणालाच नाही."

"मग तुझं भाषांतर चुकलंय."

"एक शब्द चुकलेला नाही!"

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "एक्स्चेंजमध्ये ऐकलेलं कुणीतरी बाहेर बोललं, आणि भलत्याच मुलीची नोकरी गेली. आई शेवटपर्यंत तिच्याबद्दल बोलायची."

मी रूममेटकडे पाहिलं. "तू म्हणशील तर आपण लढू. युनियन आहे."

"तू लढ. मला उद्या दहाला जायचंय. भाषांतर चुकलं म्हणून लिही."

मी लिहिलं. मूळ बोलणं त्या मुलीच्या घरच्या स्वयंपाकघरातल्या बंद चिमणीबद्दल आहे, भाषांतर पूर्णपणे माझं आणि चुकीचं आहे. खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. आयुष्यातलं पहिलं पत्रक, ज्यात मागणी नव्हती.

सोमवारी मी कॉरिडॉरमध्ये थांबले. ती पाच मिनिटांत बाहेर आली.

"विश्वास बसला त्याचा?"

"छे. पण हसला. पुढच्या टर्मला ठेवतो म्हणाला. कागद फाइलला लावला."

ती फाइल सेफ्टीची होती. त्या लॅबमधल्या कपाटाबद्दल कुणी बोललंच नव्हतं, असं सांगणारा एकमेव लेखी पुरावा आता माझ्या सहीचा आहे. कुणी तिथे कोसळलं तर प्रोफेसर आधी तोच कागद पुढे करील.

"आज तरी आत जाऊ नकोस," मी म्हटलं.

"मग ठेवलं कशाला त्याने मला?" तिने लॅबचा कोट चढवला, खोकली आणि आत गेली.