बीटी वांगे

माझ्या मामीचा अपमान झाला तो गेल्या चंपाषष्ठीला, भर दुपारी, मारुतीच्या पारासमोर, रोडगे निखाऱ्यांवर असताना. हे आधीच लिहून ठेवते, कारण आता गावात जो तो म्हणतो, "मजाक होता वो तो."

गाव राळेगाव तालुक्यातलं. चंपाषष्ठीला घरोघरून कणीक आणि वांगी जमा होतात आणि अख्खं गाव एका पंगतीत भरीत-रोडगे जेवतं. मामी टोपलीभर वांगी घेऊन गेली, मी सोबत होते. वांगी निवडायला बसलेल्या काकांनी एक चिरलं, दुसरं चिरलं, मग तिसरंही.

"एकातबी अळी नाही वं."

"मंग चांगलंच हाये ना, भाऊजी."

"कायचं चांगलं? जे अळी खात नाही, ते आपून कायले खावं? बीटी हायेत हे."

मागून एक बाई बोलली, "बीटीच्या घरी बीटीच पिकन."

सगळे हसले. का हसले ते बाहेरच्याला कळणार नाही. जनुक बदलून अळीला मारणारं केलेलं कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हापासून घरची सरकी राखून पेरणं संपलं, दरवर्षी पाकीट विकत आणायचं. त्यातून आमच्याकडे "बीटी" म्हणजे पुढे न उगवणारं, वांझ, असा अर्थ रुजला. मामीला मूल नाही. पाठीमागे तिला हेच म्हणत आले होते, त्या दिवशी तोंडावर म्हणाले. मामा तिथेच रोडगे उलटत होता. उलटतच राहिला.

ती वांगी शेवटी बकऱ्यांनी खाल्ली. त्याच बकऱ्यांच्या दुधाचा चहा संध्याकाळी सगळ्यांनी घेतला. तेव्हा कुणाला किळस आली नाही.

वांगी देशी होती. बी मामीच्या आईकडचं. अळी नव्हती, कारण मामी रोज सकाळी वाफ्यात फिरून सुकलेले शेंडे अळीसकट खुडते. तिची मेहनत तिच्याच अंगावर आली.

मी स्वतः या बियाण्यांविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटते आणि वाटत राहणार. लोकांची भीती मला खोटी वाटत नाही. इथे चोर बीटी, म्हणजे सरकारी परवानगी नसलेलं बियाणं, राजरोस विकलं जातं. दुकानदाराला विचारलं, पाकिटात काय आहे, तर म्हणतो, "घ्याचं तं घे, नाही तं राह्यलं." कपाशीच्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नाही, ताटातल्या भाजीच्या वेळी तरी विचारतील यावर कोण विश्वास ठेवणार? यवतमाळच्या एका चर्चासत्रात एक साहेब हसून म्हणाले, लोक भावनिक आहेत, त्यांना विज्ञान कळत नाही. विचारलंच नाही तर माणूस चिडणार नाही का? पण चिडलेलं गाव साहेबापर्यंत पोचत नाही. ते मामीपर्यंत पोचतं, ती हाताशी असते.

आणि ज्यांची पत्रकं मी वाटते ती आमची संघटना? नव्या पत्रकाच्या बैठकीत आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ओळ सुचवली: बीटी खाल, वांझ व्हाल.

मी म्हटलं, "याला पुरावा काय, दादा?"

"पुरावा कोण वाचते? भेव वाचते लोक."

"आणि ज्या बाईला मूल नाही, तिनं हे पत्रक कुठं तोंड लपवून वाचायचं?"

"तू काय कंपनीची झाली का?"

माझ्यासमोर ओळ छापायला गेली. पाकिटावर आत काय आहे ते लिहा, ही आमची खरी मागणी त्याच पत्रकात खाली, बारीक अक्षरात आहे.

परवा मामीकडे गेले. वाफ्यात शेंडे सुकलेले, माना टाकलेले. तिने खुडणं सोडून दिलंय. एक वांगं तोडलं, चिरलं आणि माझ्यापुढे धरलं. आत काळी विष्ठा, अळी वळवळत होती.

"पाय," ती म्हणाली, "आता आली अळी. आता तं घेतीन ना माहे वांगे?"

तिला उत्तर तुम्ही द्या. ते पत्रक तुमच्या हाती आलं असेल, पिवळ्या कागदावरचं. ती ओळ पेनाने खोडून काळी करा आणि मगच पुढच्या घरी द्या. आणि यंदाच्या पंगतीत कुणी बाईला बीटी म्हटलं, तर हसू नका. हातातला रोडगा खाली ठेवा आणि ताटावरून उठा.